गाभोळीची साक्ष

नदीत मासे मेले की बातमी होते. पंचगंगेवर तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी, सांगलीजवळ कृष्णेत, महाडच्या सावित्रीत, दाभोळच्या खाडीत हे दृश्य महाराष्ट्राने पुन्हा पुन्हा पाहिले आहे. पाण्यावर पांढऱ्या पोटांचा खच, काठावर नाकाला रुमाल लावून उभी माणसे, कॅनमध्ये नमुने भरून घेणारे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कर्मचारी, पंचनामा, कारणे दाखवा नोटीस. मग वरून पाणी सुटते, दुर्गंधी ओसरते आणि प्रकरण मिटले असे सगळे समजतात. मासे मरायचे थांबले म्हणजे पाणी सुधारले, हे वाचक धरून चालतो, पत्रकार धरून चालतो, अधिकारी धरून चालतो. आपला कायदाही तेच धरून चालतो. मला या समजुतीशी भांडायचे आहे. मोठा मासा ज्या पाण्यात तरून जातो त्याच पाण्यात त्याचे अंडे नासू शकते. आणि अंडी नासली तर काठावर खच पडत नाही, वास सुटत नाही, पंचनाम्याला कोणी येत नाही. काही वर्षांनी जाळे हलके लागू लागते, एवढेच.

कायदा नेमके काय विचारतो ते आधी पाहू. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांच्या सहाव्या अनुसूचीत कारखान्याने नदीत काय सोडावे याच्या मर्यादा दिल्या आहेत: बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडी २५०, तेल आणि ग्रीस १०, तांबे ३, सेलेनियम ०.०५, आणि अशी बरीच यादी. या यादीत एकच ओळ जिवंत प्राण्याची आहे. कारखान्याच्या सांडपाण्यात, त्यात साधे पाणी अजिबात न मिसळता, मासे ९६ तास ठेवायचे आणि त्यांतले ९० टक्के जगले पाहिजेत. ही अट घालणाऱ्यांना मी मनापासून दाद देतो. कुठलीही रासायनिक यादी अपुरीच असते, कारण कारखान्यातून रोज नवी संयुगे बाहेर पडतात. मासा मात्र यादी न वाचता सगळ्या मिश्रणाला एकदम उत्तर देतो. पण प्रश्न विचारला आहे तो वाढलेल्या माशाला, आणि उत्तरासाठी मुदत दिली आहे चार दिवसांची. वाढलेल्या माशाला खवले आहेत, चालू यकृत आहे, विष बाहेर टाकण्याची यंत्रणा आहे, आणि नदीत असता तर पोहून दूर जाण्याची सोयही होती. अंड्याजवळ यातले काहीच नसते.

रोहूचे उदाहरण घ्या. आषाढ-श्रावणात पुराच्या पाण्यात मादी अंडी सोडते, नराचे रेत त्यावर पडते, आणि फलन होताच प्रत्येक अंडे भोवतालचे पाणी शोषून टचकन फुगते. जन्माची पहिली कृतीच ती: नदी आत घेणे. पाण्यात जे विरघळले आहे त्याला आत शिरण्याची ही पहिली संधी. पुढचे १५ ते १८ तास त्या पारदर्शक गोलात एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार होतात, पाठीचा कणा आखला जातो, डोळे उमटतात, शेपटी सुटी होते, आणि पिल्लू कवच फोडून बाहेर येते. आपण त्याला मत्स्यजिरे म्हणतो. माणसाच्या पोटात जे काही आठवड्यांत घडते ते इथे एका रात्रीत उरकते. त्या रात्री तासाभराचा व्यत्ययसुद्धा अवयवाचा आकार बदलू शकतो, आणि चुकलेला आकार पुढे दुरुस्त होत नाही.

हे ज्ञान जुने आहे. अमेरिकेतल्या चार्ल्स स्टॉकार्ड या शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये किलिफिश नावाच्या किनारपट्टीच्या माशाची अंडी मॅग्नेशियम क्लोराइड मिसळलेल्या समुद्राच्या पाण्यात वाढवली. पिल्ले जन्मली, पण कित्येकांना कपाळाच्या मधोमध एकच डोळा होता. मॅग्नेशियम हे समुद्रातलेच मीठ, कोणी त्याला विष म्हणणार नाही. तरीही ठरावीक घटकेला त्याचे प्रमाण वाढले आणि दोन डोळ्यांचा आराखडा एकावर आला. पदार्थ किती विषारी याबरोबरच तो कोणत्या घडीला भेटला हेही महत्त्वाचे, हा धडा शंभरहून अधिक वर्षांपूर्वी मिळाला होता. प्रदूषणाचे कायदे लिहिताना मात्र आपण घडी विसरलो आणि प्रमाण तेवढे लक्षात ठेवले.

या विसराची किंमत जगाला नीट कळली ती अलास्कात. २४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन वाल्डीझ हे जहाज प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर आपटले आणि सुमारे चार कोटी लिटर कच्चे तेल समुद्रात गेले. तेव्हाचा शास्त्रीय समज असा की तेलातले हलके, उडून जाणारे घटक घातक. ते काही दिवसांत उडाले की उरलेले डांबरासारखे काळे तेल किळसवाणे असेल पण पाण्यातल्या माशांना फारसे बाधणार नाही. मोठ्या माशांवरच्या चार-चार दिवसांच्या चाचण्या हेच सांगत होत्या. पण पिंक सामन हा मासा ओढ्यांच्या तोंडाशी, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या खडीत अंडी पुरतो, आणि तेल नेमके त्याच खडीत मुरले होते. तेल लागलेल्या ओढ्यांत भ्रूण मरण्याचे प्रमाण १९९३ पर्यंत जास्तच राहिले. सांडलेले तेल नजरेआड झाले होते, चार वर्षे उलटली होती, आणि खडीखाली मृत्यू चालू होते.

अलास्कातल्याच ऑके बे प्रयोगशाळेने मग एक दीर्घ, चिवट प्रयोग केला. जुन्या झालेल्या तेलातून झिरपलेले पाणी सामनच्या अंड्यांना दिले, त्यात तेलातल्या बहुवलयी, म्हणजे कार्बनची अनेक वलये जोडलेल्या, संयुगांचे प्रमाण लिटरमागे सुमारे ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे दशलक्षांश भाग पाच. पिल्ले धडधाकट दिसत होती. त्यांना खुणा करून समुद्रात सोडले. प्रौढ होऊन परत आलेल्या माशांची मोजदाद झाली तेव्हा तेलाचे पाणी अनुभवलेल्यांतले जगून परतणारे सुमारे १५ टक्क्यांनी कमी भरले. ज्या पिल्लांना त्या दिवशी कोणत्याही निरीक्षकाने निरोगी म्हटले असते, ती पुढे समुद्रात कमी पडली. हेरिंग माशाच्या अंड्यांना तर याहूनही कमी प्रमाणात इजा झाल्याचे दिसले. त्या भागातली हेरिंगची मासेमारी १९९३ मध्ये कोसळली, पण तिच्यामागे तेल किती आणि रोगराई किती यावर शास्त्रज्ञांत वाद आहे, म्हणून ती घटना मी पुरावा म्हणून वापरत नाही. सामनचा प्रयोग पुरेसा आहे.

इजा होते कशी, हे पुढच्या पंधरा-वीस वर्षांत उलगडत गेले, आणि ही उकल मला या सगळ्या विषयातली सर्वांत विलक्षण वाटते. सिअॅटलमधले जॉन इन्कार्डोना आणि त्यांचे सहकारी झेब्रा माशाच्या भ्रूणांकडे सूक्ष्मदर्शकातून पाहत होते. तीन वलयांची संयुगे लागली की भ्रूणाचे हृदय मंदावते किंवा ठोका चुकवते. २०१४ मध्ये ट्यूना माशाच्या हृदयपेशींवर काम करणाऱ्या गटाने दाखवले की कच्चे तेल पेशीतल्या पोटॅशियमच्या वाटा अडवते आणि कॅल्शियमची ये-जा बिघडवते. ठोक्याची लयच त्यामुळे ढळते. आता गंमत अशी की भ्रूणाचे हृदय आधी पूर्ण बनून मग धडधडू लागत नाही. ते साधी नळी असतानाच धडधडते, आणि रक्ताच्या त्या रेट्यानेच वळते, फुगते, कप्प्यांत विभागते. ठोका बिघडला की हृदयाचा आकारच बिघडतो. भोवतीच्या पिशवीत पाणी साचते, त्याच्या दाबाने जबड्याची वाढ खुंटते. जे भ्रूण यातूनही वाचतात त्यांचे हृदय थोडे वेगळ्या घडणीचे राहते आणि ते मासे जन्मभर कमी वेगाने पोहतात. समुद्रातून सामन का परतला नाही याचे उत्तर तिथे होते. शिकाऱ्यापासून पळताना दम अपुरा पडणारा मासा कुठल्याही प्रयोगशाळेच्या टाकीत ९६ तास सुखाने जगेल.

पाण्यातून थेट येणाऱ्या विषाची ही कथा. दुसरी वाट आईची आहे, आणि ती अधिक लपलेली आहे. अंड्यातला पिवळा बलक आईच्या शरीरातून येतो. तिने आयुष्यभर चरबीत साठवलेले विष त्या बलकाबरोबर पिल्लाच्या शिदोरीत बांधले जाते. कॅनडा आणि अमेरिका यांच्या सीमेवरच्या ऑन्टॅरिओ सरोवरातून लेक ट्राउट हा मोठा मासा १९६० च्या सुमारास नाहीसा झाला. दोष अतिमासेमारीला आणि परजीवी लॅम्प्रेला दिला गेला, आणि दोघांचा वाटा होताच. सरकारने ट्राउटची पिल्ले आणून सोडली. ती वाढली, लठ्ठ झाली, अंडीही घालू लागली. पण कित्येक वर्षे त्या अंड्यांतून पुढची पिढी उभी राहिली नाही. नायगारा नदीकाठच्या रासायनिक कारखान्यांच्या कचऱ्यातून डायॉक्सिन सरोवरात उतरले होते. अमेरिकी संशोधकांनी तळाच्या गाळाचे थर वर्षवार तपासून २००३ मध्ये हिशेब मांडला: १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून जवळजवळ तीस वर्षे त्या सरोवरातल्या ट्राउटच्या अंड्यांत इतके डायॉक्सिन होते की जन्मलेले प्रत्येक पिल्लू बलकाची पिशवी निळसर पाण्याने फुगून मेले असते. वरवर पाहणाऱ्याला सरोवरात मोठे, देखणे ट्राउट दिसत होते.

इथे मला आपल्या धरणांची आठवण होते. दर पावसाळ्यात आपण जलाशयांत रोहू-कटलाची बोटुकली सोडतो, वर्षभराने ती मोठी होऊन जाळ्यात येतात, आणि उत्पादनाचा आकडा छान दिसतो. तो आकडा नदीतल्या विणीबद्दल काहीच सांगत नाही. मत्स्यबीज केंद्रातून आणलेले मासे मोजून नदी सुदृढ ठरवणे म्हणजे ऑन्टॅरिओची चूक पुन्हा करणे.

नॉर्थ कॅरोलायनातल्या बेल्यूज तलावाची हकिगत आणखी थेट आहे. कोळशावरच्या वीज केंद्राला थंड पाणी मिळावे म्हणून तो तलाव बांधला गेला, आणि १९७४ पासून राखेच्या तळ्यातले पाणी त्यात सोडले जाऊ लागले. राखेत सेलेनियम होते. तलावाच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला सुमारे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे वरवर पाहता किरकोळ. पण शैवालातून किड्यांत, किड्यांतून माशांत असे ते साठत गेले, गंधकाची जागा घेऊन अंड्यातल्या प्रथिनांत शिरले, आणि पिल्ले वाकड्या कण्याची, अर्धवट जबड्याची निपजली. मोठे मासे मेले नाहीत. ते म्हातारे होत गेले आणि मागे कोणी उरले नाही. विसांपैकी एकोणीस जाती त्या तलावातून संपल्या. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने यातून धडा घेतला खरा, पण २०१६ मध्ये: सेलेनियमची तिथली मर्यादा आता मुख्यतः माशाच्या अंड्यात आणि अंडाशयात मोजतात, कोरड्या वजनाच्या किलोमागे १५.१ मिलिग्रॅम. पाण्यात किती आहे याला दुय्यम स्थान.

माणसाच्या बाबतीतही हीच समजूत एकदा फुटली होती. जपानमधल्या मिनामाता खाडीकाठी पाऱ्याने विषबाधा झालेल्या कुटुंबांत अशी बाळे जन्मली की ज्यांच्या आयांना फारसा त्रास नव्हता आणि बाळे मात्र मेंदूला इजा घेऊन आली होती. वार विष अडवते, असे त्या वेळचे वैद्यकशास्त्र म्हणत होते. मासाझुमी हाराडा या तरुण डॉक्टरने आयांचे म्हणणे खरे मानले, आणि कुटुंबांनी रीतीप्रमाणे जपून ठेवलेल्या नाळेच्या तुकड्यांत पुढे पारा सापडला. आई निरोगी म्हणजे गर्भ निरोगी, हा निष्कर्ष माणसात खोटा ठरला. माशात तो खरा असेल असे मानायला काही आधार नाही.

आता आपल्या मर्यादांकडे परत येऊ. आपल्याकडे सांडपाण्यात सेलेनियम लिटरला ५० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. बेल्यूज तलाव सुमारे १० वर उजाड झाला. हे दोन आकडे शेजारी ठेवताना प्रामाणिकपणे सांगायला हवे की पहिला पाइपच्या तोंडाचा आहे आणि दुसरा तलावातला. पाइपमधून आलेले पाणी नदीत मिसळून पातळ होईल, हे आपल्या सगळ्या मर्यादांच्या पोटात दडलेले गृहीत आहे. उद्योगांची बाजू मांडणारे या गृहीतावर भर देतात, आणि बारमाही भरून वाहणाऱ्या नदीसाठी ते काही अंशी बरोबरही आहे. पण महाराष्ट्रातली नदी पाहा. वर धरण, खाली बंधाऱ्यांची माळ, फेब्रुवारीनंतर पात्रात वाहते पाणीच नाही. औद्योगिक वसाहतीच्या खाली जे वाहते त्यात सांडपाण्याचाच वाटा मोठा. तिथे कशात काय मिसळणार? खाडीत तर भरतीबरोबर तेच पाणी दिवसातून दोनदा वर येते.

तेल आणि ग्रीसच्या मर्यादेतही असाच घोळ आहे. लिटरला १० मिलिग्रॅम म्हणताना ते खाद्यतेल आहे की डांबराची बहुवलयी संयुगे, हे मोजणारी पद्धत विचारतच नाही. भ्रूणाच्या हृदयाला मात्र तेवढाच फरक कळतो. तांब्याचे अगदी थोडे प्रमाणही अंड्याचे कवच विरघळवणाऱ्या विकराला अडवते आणि पूर्ण वाढलेले पिल्लू आतच अडकून पडते. मळीच्या पाण्याने नदीतला प्राणवायू उतरतो तेव्हा मोठे मासे वर येऊन तोंड उघडतात, त्याची बातमी होते. पण कमी प्राणवायू स्वतःच भ्रूणाला विकृत करतो, हे हाँगकाँगमधल्या संशोधकांनी झेब्रा माशावर २००४ मध्येच दाखवले आहे. मासे तोंड उघडण्याच्या कितीतरी आधी ही हानी सुरू झालेली असू शकते.

प्रक्रिया झालेल्या पाण्याचे काय, असे कोणी विचारेल. हैदराबादजवळ पाटनचेरूला सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी एका सामायिक केंद्रात शुद्ध केले जात होते. स्वीडनच्या जोआकिम लार्सन यांच्या गटाने २००७ मध्ये त्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत मोजले, तेव्हा जग हादरले ते प्रतिजैविकांच्या भीतीने. त्याच पाण्यावर स्वीडनमध्ये झालेला दुसरा अभ्यास कमी वाचला गेला. बेडकाच्या पिल्लांना ते शुद्ध केलेले पाणी पाचशे पट पातळ करून दिले तरी त्यांची वाढ सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली. झेब्रा माशाच्या भ्रूणांना काही टक्के पाणी लागले, तेव्हा त्यांची हालचाल आणि ठोके मंदावले. शंभर टक्के सांडपाण्यात मोठे मासे जगवून दाखवा म्हणणारा नियम आणि पाचशे पट पातळ पाण्यात खुंटलेली पिल्ले, यांच्यामधली दरी हाच माझ्या तक्रारीचा गाभा आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप उद्योगांकडून येत नाही, तो मत्स्यशास्त्रज्ञांकडून येतो. किलोभर वजनाची रोहू मादी लाखांवर अंडी देते. निसर्गात त्यांतली बहुतेक तशीही मरतात. प्रदूषणाने आणखी थोडी मेली तर उरलेल्यांना अन्न आणि जागा जास्त मिळते आणि तूट भरून निघते. हा युक्तिवाद काही प्रमाणात खरा आहे, आणि म्हणूनच नदी वर्षानुवर्षे मार सोसूनही मासे देत राहते. पण तूट भरून काढण्यालाही हद्द असते. बेल्यूज तलावातले मासेही अंड्यांच्या बाबतीत गरीब नव्हते. शिवाय सामनच्या प्रयोगातली इजा मरणाची नव्हतीच, जगलेल्यांच्या हृदयातली होती, आणि जागा मोकळी झाल्याने हृदय दुरुस्त होत नाही. आणि सगळे मासे रोहूसारखे उदार नसतात. आपला खडस, म्हणजे दख्खनचा महसीर, मोजकीच मोठी अंडी देतो. ती खडीच्या तळाशी तीन-चार दिवस पडून राहतात, जिथे जड धातू आणि तेलकट गाळ साचतो. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये शास्त्राला या माशाची ओळख करून दिली ती पुण्याच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यावरून. आज लोणावळ्याच्या वळवण केंद्रात माणसाच्या हाताने त्याची वीण करावी लागते. त्याच्या मागे लागलेल्या संकटांत धरणे आणि सुरुंगाने होणारी मासेमारीही आहे, सगळा दोष मी सांडपाण्यावर टाकत नाही. मात्र इतकी कमी अंडी देणाऱ्या माशासाठी 'बहुतेक तशीही मरतात' हे वाक्य वापरता येत नाही.

मासे जुळवून घेतात, असेही म्हटले जाते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या काही अतिदूषित खाड्यांत किलिफिश खरोखरच जुळवून घेऊन जगतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार त्याचे भ्रूण इतर ठिकाणच्या भ्रूणांपेक्षा हजारो पट विष सहन करतात. पण किलिफिशची संख्या अफाट आणि जनुकीय विविधता मोठी, म्हणून काही दशकांत निवडीला उचलायला हाताशी काहीतरी होते. वाटेत किती भ्रूण मेले असतील याचा हिशेब कोणी ठेवला नाही. एक मासा वाचला म्हणून खाडी सुरक्षित म्हणणे ही फसवणूक आहे, कारण जी जात जुळवून घेऊ शकली नाही ती आज तिथे साक्ष द्यायला नाही.

या वादातली न्यायाची बाजू मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, महाराष्ट्राच्या समुद्रात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. कारण विणीचा हंगाम. कोळी, मांगेला, दालदी, सगळे होड्या ओढून घेतात, कर्जाचे हप्ते तुंबतात, खलाशी गावी जातात. समुद्राला श्वास घेऊ द्यावा हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही, नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटण्याची रीत कायद्याहून जुनी आहे. याच दिवसांत जिताड्याची वीण खाडीच्या मुखाशी होते, वलगणीचे मासे पहिल्या पावसाच्या लोंढ्यावर ओहोळांतून शेतांकडे चढतात. आणि याच दिवसांत, पुराच्या गढूळ पाण्याच्या आडोशाने, साठवलेले सांडपाणी सोडून दिल्याच्या तक्रारी खाडीकाठचे लोक दरवर्षी करतात. अंड्यासाठी मच्छीमाराने दोन महिन्यांची कमाई सोडायची, आणि त्याच अंड्यासाठी कारखान्याला एका दिवसाचाही वेगळा नियम नाही. तारापूरच्या प्रदूषणाविरुद्ध मांगेला समाजाची संघटना २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, तेव्हा त्या तक्रारीमागे ही विषमता होती असे मी समजतो.

उपाय अवघड नाहीत. झेब्रा मासा आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये त्याचे वर्णन केले, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळा त्याच्या अंड्यांवर चालतात. ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याच्या भ्रूणाची प्रमाण चाचणी ठरवली. एका प्रमाणासाठी वीस अंडी, प्रत्येकाला छोटी खोबण, २६ अंशांची ऊब, ९६ तास, आणि सूक्ष्मदर्शकातून चार गोष्टी पाहायच्या: अंडे साकळले का, पाठीचे खंड पडले का, शेपटी बलकापासून सुटली का, हृदय धडधडते का. मोठ्या माशांच्या चाचणीला टाक्या आणि बादल्या भरून पाणी लागते, इथे काही मिलिलिटर पुरतात. जर्मनीने २००५ पासून सांडपाण्यासाठी जिवंत मोठ्या माशांची चाचणी सोडून अंड्यांची चाचणी आणली. किती पट पातळ केल्यावर अंडी सुखरूप राहतात तो आकडा काढतात आणि कारखान्याच्या सांडपाणी शुल्काच्या हिशेबात तो धरतात. आपल्या सहाव्या अनुसूचीतल्या त्या एकमेव जिवंत ओळीत मोठ्या माशाच्या जागी भ्रूण आणायचा, एवढाच बदल. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा केंद्राच्या आधी, १९६९ मध्ये केला आणि १९७० मध्ये मंडळ उभे केले. दिल्लीची वाट न पाहता कारखान्यांच्या संमतीपत्राच्या अटींत ही चाचणी घालण्याचा मार्ग त्या मंडळाला मोकळा आहे, आणि जूनपासून दोन महिने विणीच्या खाड्यांसाठी अधिक कडक मर्यादाही त्याच अटींत बसतात.

या चाचणीची एक उणीव मात्र ओळखायला हवी. तिची अंडी प्रयोगशाळेतल्या स्वच्छ मादीची असतात. आईच्या बलकातून येणारे डायॉक्सिन, सेलेनियम किंवा पारा तिला दिसणार नाही. त्यासाठी नदीतल्या आणि खाडीतल्या माशाची गाभोळीच, म्हणजे मादीच्या पोटातली अंडीच, तपासावी लागेल. हे काम कोणा परदेशी प्रयोगशाळेवर अडलेले नाही. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय आणि नागपूरची नीरी यांना ते करता येण्यासारखे आहे. लोटे, महाड, रोहा, तारापूर, इचलकरंजी अशा प्रत्येक ठिकाणी सांडपाणी मिळते त्याच्या वरचा एक नमुना आणि खालचा एक, एकाच जातीच्या माशाचा, दर आषाढात. नमुने मच्छीमारांनीच आणून द्यावेत, कारण कोणता मासा कुठल्या कोंडीत गाभोळीवर येतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. आणि निकालाचे आकडे त्यांच्याच सोसायटीच्या फळ्यावर, मराठीत, नमुना घेतल्याच्या तारखेसह लावले जावेत.